सेकंदाचा एक तृतीयांश : आगाशीचे सुतार, कणादांचे मुसळ आणि बॅटचा टोला

१.
नोव्हेंबर २०१३. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात विरारच्या एका चौदा वर्षांच्या मुलाने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. नाव पृथ्वी शॉ. त्यांत ८५ चौकार आणि ५ षटकार, म्हणजे ३७० धावा केवळ सीमापार फटक्यांच्या. ही खेळी दोन दिवसांत पसरलेली होती. आता एक हिशेब करू. बॅट आणि चेंडू यांचा एका टोल्यातील स्पर्श साधारण सेकंदाचा हजारावा भाग टिकतो. सगळेच्या सगळे ३३० चेंडू बॅटला लागले असे धरले, तरी त्या विक्रमी खेळीतील एकूण स्पर्शकाल सेकंदाच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भरत नाही.

२.
दोन दिवसांचा खेळ आणि त्याचा निकाल ठरवणारा एक तृतीयांश सेकंद! त्या क्षणार्धात नेमके काय घडते, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. पण तो प्रश्न मानवाला कसा पडला, त्याची चुकीची उत्तरे कोणी दिली, बरोबर उत्तराशी कोण किती जवळ पोहोचले, हा मात्र इतिहासाचा विषय आहे. आजची ही मालिका त्या इतिहासाची. तिचा आरंभ विरार स्थानकाच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर असलेल्या आगाशी गावापासून करू.

३.
आज आगाशी म्हटले की सुकेळी आठवतात, देवळे आठवतात, पलीकडचा अर्नाळ्याचा किल्ला आठवतो. सोळाव्या शतकात मात्र हे नाव लाकडाच्या व्यापारासाठी आणि जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते. युरोपपर्यंतचा प्रवास झेपेल अशी जहाजे येथे बांधली जात, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आढळते. पोर्तुगीजांनी १५३० मध्ये आणि लगोलग १५३१ मध्ये हे बंदर लुटले. दोनदा लुटण्याजोगे काही येथे होते, हेच त्याच्या समृद्धीचे प्रमाण.

४.
जहाज बांधणाऱ्या सुताराला एक गोष्ट कोणत्याही ग्रंथाशिवाय ठाऊक असते. खिळ्यावर हातोडा टेकवून सर्व ताकदीनिशी दाबला, तरी खिळा सागाच्या फळीत शिरत नाही. तोच हातोडा वीतभर उचलून मारला की शिरतो. हात तोच, हातोडा तोच, मग अधिकची शक्ती आली कुठून? दाब आणि ठोका यांत फरक कोणता? गॅलिलिओसारख्या माणसालाही या प्रश्नाने आयुष्यभर छळले. आघाताच्या बलावरील त्याचे विवेचन अपुरेच राहिले आणि त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने, १७१८ मध्ये छापले गेले.

५.
आपल्याकडे या प्रश्नाचा विचार त्याहून फार पूर्वी झाला होता. वैशेषिक दर्शनाच्या कणादसूत्रांतील पाचवा अध्याय ‘कर्म’ म्हणजे गती या विषयाला वाहिलेला आहे. तेथील उदाहरणे राजवाड्यातली नाहीत, स्वयंपाकघरातली आणि रणांगणातली आहेत : उखळ-मुसळ आणि धनुष्य-बाण. मुसळ हाताने उचलले जाते ते प्रयत्नामुळे. हात सुटला की ते पडते ते गुरुत्वामुळे. आणि उखळीवर आपटून ते उसळी घेते ते ‘अभिघाता’मुळे.

६.
येथे सूत्रकार एक विलक्षण सूक्ष्म निरीक्षण नोंदवतात. मुसळ आपटून उसळते त्या क्रियेत हाताचा संयोग हे कारण नव्हे, असे ते म्हणतात. हात मुसळाला धरून आहे खरा, पण उसळी हाताने दिलेली नाही. उलट मुसळच हाताला वर नेते. कांडण करणाऱ्या कोणत्याही गृहिणीच्या हाताला हे जाणवलेले असणार. ते तत्त्व म्हणून मांडणे ही वैशेषिकांची कामगिरी.

७.
बाणाचे स्पष्टीकरण असे. प्रत्यंचा बाणाला ढकलते, ते ‘नोदन’. त्यातून बाणात पहिली गती उत्पन्न होते. त्या गतीतून बाणात ‘संस्कार’ निर्माण होतो आणि पुढची गती त्या संस्काराने चालू राहते. संस्कार संपला की गुरुत्वाने बाण खाली येतो. पुढे प्रशस्तपादाने या संस्काराचे तीन प्रकार सांगितले : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. टोलवलेला चेंडू दूर जातो ते वेगामुळे, आणि वाकवलेली फांदी पूर्वस्थितीला येते ते स्थितिस्थापकामुळे.

८.
मग नोदन आणि अभिघात यांत भेद काय? नंतरच्या न्याय-वैशेषिक ग्रंथांनी एक सुटसुटीत खूण दिली : ज्या संयोगातून आवाज निघतो तो अभिघात, ज्यातून निघत नाही ते नोदन. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननाच्या ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथातही हाच भेद आहे. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर गोलंदाजाचा हात चेंडूला वेग देतो ते नोदन, आणि बॅटचा ‘टक्क’ असा आवाज होतो तो अभिघात. एका चेंडूच्या प्रवासात दोन्ही येतात.

९.
आता जरा थांबणे आवश्यक आहे. ‘न्यूटनचे तीनही नियम कणादांनी आधीच सांगितले होते’ अशा मजकुराची चित्रे आपल्यापैकी प्रत्येकाच्या मोबाइलवर कधी ना कधी आलेली असतील. ती पुढे पाठवण्यापूर्वी सूत्रे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे पाहिले पाहिजे. गती का सुरू होते, का टिकते, का संपते याचे कारण सूत्रे देतात. गती किती, याचे माप देत नाहीत. जड वस्तूचा वेग आणि हलक्या वस्तूचा वेग यांची तुलना करणारी राशी तेथे नाही. दोन वस्तू आदळल्यावर एकीने गमावले तेवढेच दुसरीने मिळवले, असा जमाखर्चही तेथे नाही.

१०.
हा उणेपणा केवळ आपल्याकडचा होता असेही नाही. फेकलेल्या दगडाला मागून हवा ढकलते, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे युरोपात शतकानुशतके चालले. सहाव्या शतकात फिलोपोनसने ते नाकारले. अकराव्या शतकात इब्न सिनाने वस्तूत उतरणाऱ्या प्रवृत्तीची कल्पना विकसित केली. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाँने पुढचे पाऊल टाकले : फेकणारा वस्तूला जे देतो ते तिच्यातील द्रव्याच्या प्रमाणात आणि वेगाच्या प्रमाणात असते. ‘संस्कारा’ला आकड्याचा पहिला स्पर्श झाला तो असा.

११.
आदळण्याचा हिशेब मात्र अजून जमत नव्हता. देकार्तने १६४४ मध्ये टकरीचे सात नियम मांडले. त्यांतील बहुतेक चुकीचे निघाले. त्याने गतीचे परिमाण मोजले, पण तिची दिशा हिशेबात धरली नाही. बॅटच्या बाबतीत ही चूक किती महागात पडेल पाहा. ताशी १२६ किमी वेगाने आलेला चेंडू त्याच वेगाने परत गेला, तर देकार्तच्या हिशेबी त्याच्या गतीत काहीच बदल झाला नाही! वस्तुतः बदल दुप्पट झालेला असतो, कारण आधी येणारी गती शून्य करावी लागते आणि मग उलट दिशेची द्यावी लागते.

१२.
१६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरीचा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला. वॉलिस, रेन आणि हॉलंडचा हायगेन्स या तिघांची उत्तरे आली आणि गतीला दिशेसह मोजण्याची रीत रूढ झाली. या वर्षाचे आपल्याशी एक नाते आहे. रॉयल सोसायटीला १६६२ मध्ये सनद देणाऱ्या दुसऱ्या चार्ल्सनेच १६६८ मध्ये मुंबई बेट वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. वसईची खाडी ओलांडून उत्तरेला असलेली आगाशी तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती.

१३.
हायगेन्सची युक्ती आगाशीच्या खलाशांना सहज पटली असती. त्याने कल्पना केली की काठालगत संथ चालणाऱ्या नावेत एक माणूस उभा राहून दोन गोळे एकमेकांवर आदळवतो आहे आणि दुसरा माणूस तेच दृश्य काठावरून पाहतो आहे. नावेतल्या माणसाला दोन्ही गोळे समान वेगाने येऊन समान वेगाने परतताना दिसतात. काठावरच्याला त्यांचे वेग वेगळे दिसतात. पण टक्कर एकच आहे, म्हणून दोघांचे नियम जुळलेच पाहिजेत. एवढ्या एका आग्रहातून त्याने टकरीचे योग्य नियम काढले.

१४.
१६८७ मध्ये न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला. रायगडावर तेव्हा छत्रपती संभाजी महाराजांचे राज्य होते. न्यूटनचा दुसरा नियम आज आपण ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ असा पाठ करतो. मूळ ग्रंथातील मांडणी मात्र आघाताला अधिक जवळची आहे : गतीतील बदल हा लावलेल्या बलाच्या प्रमाणात आणि त्याच दिशेने असतो. गती म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ज्याला आपली पाठ्यपुस्तके ‘संवेग’ म्हणतात. आणि बल गुणिले ते टिकलेला काळ म्हणजे ‘आवेग’. आवेग जितका, तितकाच संवेगात बदल. आगाशीच्या सुताराचे कोडे येथे सुटते. खाली येणाऱ्या हातोड्याने वीतभर प्रवासात संवेग साठवलेला असतो, आणि खिळा तो त्याच्याकडून निमिषात काढून घेतो. काळ अत्यल्प, म्हणून बल प्रचंड.

१५.
हेच गणित बॅटला लावू. क्रिकेटच्या चेंडूचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम. तो सेकंदाला ३५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी १२६ किमीने आला आणि ३० मीटर वेगाने उलट गेला. वेगातील एकूण बदल ६५ मीटर प्रति सेकंद. संवेगातील बदल ०.१६ गुणिले ६५, म्हणजे १०.४ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हा बदल सेकंदाच्या हजाराव्या भागात झाला, तर सरासरी बल १०,४०० न्यूटन येते. एक टनाहून थोडे अधिक वजन ठेवल्यावर जेवढा भार पडेल तेवढे! चेंडू त्या क्षणी दबून चपटा होतो आणि लगेच पूर्वस्थितीला येतो. प्रशस्तपादाच्या भाषेत, वेगाला स्थितिस्थापकाची साथ मिळते.

१६.
एक टनाचे बल चौदा वर्षांचा मुलगा कसे लावतो? लावत नाहीच. तो टोल्याच्या आधी बॅटला वेग देतो. स्पर्शाच्या त्या सहस्रांश सेकंदात मनगटांना नव्याने फारसे काही करण्याइतका वेळच नसतो. बॅटने साठवलेला संवेग चेंडूकडे जातो आणि तेवढ्या प्रमाणात बॅट मंदावते. टोल्यानंतर बॅट खांद्यावरून मागे नेण्याने चेंडूला काहीही मिळत नाही, चेंडू तेव्हा निघून गेलेला असतो. ती पुढची झेप फक्त एवढेच सांगते की फलंदाजाने टोल्याआधी हात आखडता घेतला नव्हता. आता सहावा भाग पुन्हा वाचा. मुसळाच्या उसळीत हात कारण नव्हे! निरीक्षणाचा धागा खरोखर तेथून येथपर्यंत पोहोचतो, आणि तो तसा दाखवण्यासाठी खोटा श्लोक रचण्याची मुळीच गरज नाही.

१७.
न्यूटनने केवळ नियम सांगितले नाहीत, चेंडूही आदळवून पाहिले. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीचे गोळे टांगून त्याने मोजले : ते ज्या सापेक्ष वेगाने जवळ येतात त्याच्या नऊ भागांपैकी पाच भाग वेगाने दूर जातात. पोलादाचे गोळेही जवळपास तसेच, बुचाचे थोडे कमी, काचेचे सोळात पंधरा. योगायोग असा की क्रिकेटच्या चेंडूचा गाभा बुचाचा असतो, त्यावर धाग्याचे घट्ट वेढे आणि वर कातडे. न्यूटनच्या टेबलावरचे दोन पदार्थ एका चेंडूत नांदतात.

१८.
हा चेंडू आपल्या किनाऱ्यावर आला तोही जहाजांबरोबर. क्लेमेंट डाउनिंग या इंग्रज खलाशाने १७३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात १७२१ साली खंभातच्या परिसरात नांगर टाकून असताना क्रिकेट खेळल्याचे लिहिले आहे. भारतातील क्रिकेटचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख, आणि त्याच पुस्तकात कान्होजी आंग्र्यांशी झालेल्या इंग्रजांच्या लढायांची हकीकत आहे. पुस्तक आले त्याच वर्षी मराठ्यांची वसईची मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला.

१९.
एकोणिसाव्या शतकात मुंबईतील पारशी मुलांनी गोऱ्या शिपायांचे पाहून हा खेळ उचलला. जुन्या पारशी लेखकाने वर्णन केले आहे की उंच टोप्या हेच यष्टी, छत्र्या याच बॅटी आणि चिंध्या भरून शिवलेला वेडावाकडा चेंडू, अशी ही सुरुवात होती. चिंध्यांचा चेंडू दबतो पण उसळत नाही, संवेगातील बदल अर्ध्यावर थांबतो. छत्रीला वस्तुमान नाही, त्यामुळे देण्यासारखा संवेगही नाही. त्याच मुलांच्या समाजाने १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापला आणि १८८६ मध्ये आपला संघ इंग्लंडला नेला. पुढे १९२६ मध्ये नागपूरला जन्मलेल्या सी. के. नायडूंनी बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार होते.

२०.
बॅटनेही बदल पाहिले. १७७१ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस व्हाइट नावाचा खेळाडू यष्टीइतकी रुंद बॅट घेऊन आला. प्रतिपक्षाने आक्षेप घेतला आणि रुंदीवर सव्वाचार इंचांची मर्यादा आली. ती आजही तेवढीच, १०.८ सेंमी, आहे. बॅटच्या वजनावर मात्र कधीच मर्यादा घातली गेली नाही. कारण निसर्गच ती घालतो : बॅट जड केली की ती फिरवण्याचा वेग घटतो. प्रत्येक फलंदाज या दोन टोकांमध्ये आपली तडजोड शोधत असतो.

२१.
या गणिताची दुसरी बाजू जीवघेणी आहे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसच्या ब्रिजटाउन येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. कवटी फुटली. त्यांना रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. त्याच ब्रिजटाउनमध्ये १९७८ साली ग्रॅहम यॅलप हा ऑस्ट्रेलियाचा फलंदाज कसोटीत पूर्ण हेल्मेट घालून उतरणारा पहिला खेळाडू ठरला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

२२.
हेल्मेट चेंडूचा संवेग कमी करत नाही. ते फक्त तो थांबण्याचा काळ वाढवते आणि बल मोठ्या क्षेत्रावर पसरवते. झेल घेणाराही हेच करतो. सेकंदाला ३० मीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या शंभराव्या भागात अडवला, तर तळहातावर सरासरी ४८० न्यूटन बल येते, सुमारे ४९ किलो वजनाचा भार. हात मागे घेत तोच चेंडू दहाव्या भागात थांबवला, तर ४८ न्यूटन. आवेग तोच, काळ दसपट, बल दशांश. हे सूत्र ज्ञात असूनही डोक्यावर हेल्मेट यायला ‘प्रिन्सिपिया’नंतर २९१ वर्षे लागली. ज्ञान आणि त्याचा उपयोग यांतील अंतर कधी कधी अज्ञानापेक्षाही मोठे असते.

२३.
शेवटी एक विनंती. टेनिसचा चेंडू, सीझनचा चेंडू आणि चिंध्यांचा एक गोळा घ्या. प्रत्येक एक मीटर उंचीवरून दगडी फरशीवर सोडा आणि उसळी मोजा. न्यूटनच्या लोकरीच्या गोळ्याचे प्रमाण असेल, तर उसळी सुमारे ३१ सेंमी येईल, काचेचे असेल, तर सुमारे ८८. तुमच्या चेंडूचे किती येते ते वहीत लिहा. कणादांनी कारण विचारले, न्यूटनने माप विचारले. पूर्वजांचा खरा सन्मान करायचा, तर दोन्ही प्रश्न आपण स्वतः विचारले पाहिजेत. मग आगाशी-अर्नाळ्याच्या वाळूवर संध्याकाळी बॅटचा ‘टक्क’ आवाज ऐकू आला, की त्यात उखळही ऐकू येईल, सुताराचा हातोडाही.